‘अंधांना कोणते काम जमेल?’ : एका प्रश्नाचा इतिहास



झाशीच्या नगरा भागात, रेल्वे वर्कशॉपच्या अंगाला आमचे घर आहे. हे वर्कशॉप १८९५ चे. आजोबा भुसावळहून जीआयपी रेल्वेत बदलून इकडे आले आणि इथेच राहिले. अशी मराठी घरे नगऱ्यात अजून काही आहेत. आजोबांच्या वेळच्या दोन वेताच्या खुर्च्या आमच्याकडे होत्या. मी शाळेत असताना दर दोन-तीन वर्षांनी त्यांची बैठक विणायला एक गृहस्थ येत. त्यांना दिसत नसे. सगळे त्यांना ‘सूरदासजी’ म्हणत. आंधळ्या माणसाला सूरदास म्हणायची इकडे रीतच आहे. त्यांचे खरे नाव कुणी विचारल्याचे मला आठवत नाही, मीही विचारले नाही.

त्यांचे काम मात्र मी तासन्तास पाहत बसे. वेताच्या पट्ट्या आधी पाण्यात भिजवायच्या. चौकटीला सभोवार भोके असतात. बोटांनी ती मोजायची, मधले भोक शोधायचे आणि तिथून सुरुवात करायची. आधी पुढून मागे, मग आडवे, पुन्हा पुढून मागे, पुन्हा आडवे आणि शेवटी दोन्ही बाजूंनी तिरके. पट्टी सैल पडू नये म्हणून भोकात लाकडी खुंटी ठोकून ठेवायची. या सगळ्यात डोळ्यांचे काम जवळपास नाहीच. ताण बोटाला कळतो आणि चुकलेले घर तळहात फिरवला की लागते.

पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. स्वस्त, हलक्या आणि धुता येणाऱ्या. आमच्याकडेही सहा आल्या. सूरदासजी यायचे थांबले.

हे टिपण त्या खुर्चीपासून सुरू करण्याचे कारण आहे. गेल्या सव्वाशे वर्षांत आपल्याकडे अंध व्यक्तींच्या रोजगाराचा विचार बहुतेक वेळा एकाच प्रश्नाने सुरू झाला: ‘यांना कोणते काम जमेल?’ त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून कामांची यादी तयार व्हायची, आणि तंत्रज्ञान बदलले की यादीतले काम नाहीसे व्हायचे. दुसरा प्रश्न, म्हणजे ‘कामाच्या जागेत काय बदलावे लागेल?’ हा आपण फार उशिरा विचारला. तुम्ही अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहात. पहिल्या प्रश्नाशी तुमचा फारसा संबंध नाही. दुसरा मात्र थेट तुमच्या विषयातला आहे.

शाळा आणि हातकाम

भारतातली अंधांसाठीची पहिली शाळा १८८७ मध्ये अमृतसरला ॲनी शार्प या मिशनरी बाईंनी सुरू केली. १९०३ मध्ये ती डेहराडूनजवळ राजपूरला गेली. मुंबईत दादरला अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० मध्ये शाळा काढली. तो दुष्काळाचा काळ होता, हे लक्षात ठेवा. आज ती कमला मेहता अंधशाळा म्हणून ओळखली जाते. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे. १९०२ मध्ये ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा उभी राहिली. तिच्यामागे नीलकंठराय छत्रपती होते.

या शाळांत लिहिणे-वाचणे होते, संगीत होते आणि जोडीला हातकाम होते: खुर्च्या विणणे, टोपल्या, विणकाम. ही यादी युरोपातल्या अंधसंस्थांतून आलेली होती. तिच्यात वाईट काही नव्हते. ज्या मुलांना घरी कोपऱ्यात बसवून ठेवत, किंवा देवळाच्या पायरीवर, त्यांच्या हाती चार पैसे देणारा धंदा आला. पण धंदा आधी ठरलेला असे. मुलाला गणित आवडते की यंत्रे, हे विचारायची सोय त्यात नव्हती.

ब्रेल लिपीचा जन्मही एका कामाच्या जागेशी जोडलेला आहे, हे तुम्हाला कदाचित माहीत नसेल. लुई ब्रेल (१८०९–१८५२) याचे वडील फ्रान्समधल्या कुव्रे गावी घोड्यांचे खोगीर-लगाम बनवत. तीन वर्षांचा असताना लुई वडिलांच्या कारखान्यात खेळत होता, आरी लागून त्याचा एक डोळा गेला आणि मग संसर्गाने दुसराही. चामड्याला भोक पाडायची ती आरी. पुढे याच मुलाने कागदावर टोचून उठवलेल्या सहा ठिपक्यांची लिपी केली. सुरक्षा शिकवताना मी हे उदाहरण नेहमी देते.

भारतात ही लिपी आली तेव्हा वेगवेगळ्या शाळांनी आपापल्या पद्धती बसवल्या. एका शाळेतला मुलगा दुसऱ्या शाळेचे पुस्तक वाचू शकत नसे. १९५१ मध्ये युनेस्कोच्या पुढाकाराने सगळ्या भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरली. त्यात मराठीचा ‘क’ आणि हिंदीचा ‘क’ एकच, आणि इंग्रजी ‘के’साठीही तेच दोन ठिपके, पहिला आणि तिसरा. या कामात स्वतः दृष्टिहीन असलेले लाल अडवाणी यांचा मोठा वाटा होता. ते केंद्रीय शिक्षण मंत्रालयात अधिकारी होते. म्हणजे धोरण ठरवणाऱ्या टेबलाशी एक अंध माणूस बसलेला होता. पुढच्या कित्येक समित्यांबद्दल तसे म्हणता येत नाही.

युद्ध, फोर्ड आणि डेहराडून

अंध कामगार हा विषय मोठ्या प्रमाणावर पुढे आणला तो महायुद्धांनी. आर्थर पिअर्सन हे लंडनचे वृत्तपत्रमालक. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. १९१५ मध्ये त्यांनी युद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी सेंट डन्स्टन्स ही संस्था काढली. तिथे कुक्कुटपालन, सुतारकाम, मालिश, लघुलेखन-टंकलेखन आणि टेलिफोन चालवणे शिकवत. दुसऱ्या महायुद्धात याच धर्तीवर १९४३ मध्ये डेहराडूनला भारतीय सैनिकांसाठी केंद्र उघडले. १९४४ मध्ये सरकारी समितीने भारतातल्या अंधत्वावर अहवाल दिला आणि देशात सुमारे २० लाख अंध असल्याचा अंदाज मांडला. स्वातंत्र्यानंतर, १९५० मध्ये, डेहराडूनच्या जागी प्रौढ अंधांचे प्रशिक्षण केंद्र झाले, १९५१ मध्ये तिथे केंद्रीय ब्रेल छापखाना आला, १९६७ मध्ये या सगळ्याचे मिळून राष्ट्रीय अंध केंद्र झाले आणि १९७९ मध्ये त्याला राष्ट्रीय संस्थेचा दर्जा मिळाला. झाशीहून दिल्लीमार्गे रात्रीत पोहोचता येते, कधी गेलात तर जरूर पाहा.

याच काळातली अमेरिकेतली एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी, कारण ‘यादी’ची पद्धत तिच्याइतकी स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. हेन्री फोर्डने आपल्या कारखान्यातल्या कामांची मोजदाद करवली. एकूण ७,८८२ वेगवेगळी कामे निघाली. त्यांतली किती कामे एक पाय नसलेला करू शकेल, किती दोन्ही पाय नसलेला, असे वर्गीकरण झाले. आंधळ्या माणसाला जमतील अशी कामे निघाली १०. सात हजार आठशे ब्याऐंशींतली दहा! आणि गंमत अशी की फोर्डने स्वतःच पुढे सांगितले आहे, एका अंध कामगाराला नट-बोल्ट मोजायला बसवले तर त्याने तिथल्या दोन धडधाकट माणसांचेही काम उरकायला सुरुवात केली. म्हणजे आकडा १० आला तो कामगारांकडे पाहून नव्हे. यंत्र, जागा आणि पद्धत आहे तशीच राहणार असे धरून तो आला. तुम्ही यंत्राला एक अडथळा-पट्टी लावलीत की हा आकडा बदलतो. फोर्डच्या माणसांनी ते गणित केले नाही.

मुंबई : गिरण्या, जिग आणि टेलिफोन

ते गणित आपल्याकडे थोडेफार केले ते मुंबईने. १९५२ मध्ये मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजे ‘नॅब’, स्थापन झाली. १९५९ मध्ये अपंगांसाठीचे देशातले पहिले विशेष सेवायोजन कार्यालय मुंबईतच सुरू झाले. क्रिकेटपटू विजय मर्चंट स्वतः गिरणीमालक घराण्यातले. नॅबच्या कामात ते दीर्घकाळ होते. अशा माणसाने कारखानदाराला फोन करून ‘एक माणूस घेऊन बघा’ म्हटले तर तो नाही म्हणत नसे. कारखान्याच्या आत, सगळ्यांच्या रांगेत, सगळ्यांच्या पगारावर अंध कामगार बसवायचा, ही कल्पना संरक्षित कार्यशाळेपेक्षा फार वेगळी होती. संरक्षित कार्यशाळा म्हणजे फक्त अंधांसाठी चालवलेला कारखाना. तिथे काम मिळते, पण बाहेरचा कारखाना आहे तसाच राहतो.

आता इथे जरा थांबू, कारण हा भाग तुमच्या वर्कशॉपच्या तासाशी जोडलेला आहे.

ड्रिलिंग मशीन घ्या. साधारणपणे कामगार खूण पाहतो, नेम धरतो आणि दांडा खाली ओढतो. आता त्याला एक जिग द्या. तुकडा जिगमध्ये एकाच पद्धतीने बसतो, ड्रिल ठरलेल्या नळीतून खाली येतो, खोलीला स्टॉपर आहे, आणि फिरत्या भागाभोवती पिंजरा आहे. नजरेचे काम संपले. तपासणीचे काय? गो-नो-गो गेज. एक टोक गेले पाहिजे, दुसरे जाता कामा नये. जे गेज तुम्ही परीक्षेसाठी आकृती काढून पाठ करता, ते वाचायला डोळे लागतच नाहीत. मोजमाप हवेच असेल तर उठावाच्या खुणांचा, स्पर्शाने वाचता येणारा मायक्रोमीटरही असतो. सुटे भाग ठेवायचे डबे नेहमी त्याच क्रमाने, त्याच जागी. वाटेत कुणी हातगाडी उभी करायची नाही.

यांतले किती खास अंधांसाठी बनवले? मायक्रोमीटर सोडला तर जवळजवळ काहीच नाही. जिग, स्टॉपर आणि गेज हे सगळे नवख्या कामगाराला पटकन शिकता यावे आणि माल एकसारखा निघावा म्हणून आले. उत्पादन-अभियांत्रिकी ज्या दिशेने जात होती, त्याच दिशेने अंध कामगाराची जागा तयार होत होती. म्हणून पॅकिंग, जुळणी, प्रेस, ड्रिल अशी कामे मुंबईच्या कारखान्यांत अंध कामगार करू शकले. अपघाताची भीती मालकांना सर्वांत जास्त वाटे. पण पिंजरा नसलेले यंत्र डोळस माणसाचेही बोट तोडते. नगऱ्यात राहणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरे मोठे काम टेलिफोन ऑपरेटरचे. जुन्या बोर्डावर फोन आला की त्या ओळीची छोटी पत्र्याची झडप ‘टक्’ करून पडे. आवाजाने दिशा कळे, बोट फिरवले की पडलेली झडप सापडे, आणि तिथे दोरीची पिन खुपसायची. शेकडो एक्स्टेन्शन पाठ असलेले ऑपरेटर हे त्या काळच्या कार्यालयांचे वैभव होते. मग झडपेच्या जागी दिवे आले. दिवा पेटला की नाही हे बोटाला कळत नाही. त्यावरही उपाय निघाले: दिव्याबरोबर वर येणारी खुंटी, किंवा उजेड ओळखून आवाज करणारी कांडी. एक चांगला तंत्रज्ञ दोन दिवसांत बसवून देईल असे हे काम. बऱ्याच ठिकाणी कुणी ते केले नाही, एवढेच.

शेवटी बोर्डच गेले. १९८४ मध्ये सी-डॉट स्थापन झाले आणि काही वर्षांत तिची १२८ ओळींची इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज गावोगाव पोहोचली. कार्यालयांतही स्वयंचलित यंत्रणा आल्या. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, सी-डॉटची कथा अभिमानाने सांगते. तीच कथा एका ऑपरेटरच्या बाजूने सांगायची तर वेगळी सांगावी लागेल. त्यानंतर एसटीडी-पीसीओ बूथ अपंगांना प्राधान्याने मिळू लागले, झाशीतही होते. मोबाइल आला आणि बूथही गेले. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागोमाग बंद पडल्या. वेत, बोर्ड, बूथ, गिरणी. एका माणसाच्या नोकरीच्या आयुष्यात हे चारही नाहीसे झालेले आहे.

डोळस कामगारांचेही काम गेले, असे तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण डोळस माणसापुढे त्यानंतर इतर हजारो कामे होती. अंध माणसाच्या यादीत चारच होती.

कायद्यातली यादी

१९७७ मध्ये केंद्र सरकारने खालच्या दोन श्रेणींच्या नोकऱ्यांत अपंगांसाठी ३ टक्के आरक्षण ठेवले, त्यातला १ टक्का अंधांसाठी. वरच्या श्रेणीचा विचारच नव्हता. १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा त्यापुढे गेला, आरक्षण सगळ्या श्रेणींत आले. पण अट अशी की कोणती पदे ‘योग्य’ आहेत हे सरकार आधी निश्चित करणार. म्हणजे पुन्हा यादी. आणि यादी व्हायला वेळ लागला तर? तोवर आरक्षण नाही, असे कार्यालये सांगत. एका अंध उमेदवाराने नागरी सेवा परीक्षेच्या संदर्भात हे आव्हानित केले. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की पदे निश्चित करायला उशीर झाला म्हणून आरक्षण अडवता येणार नाही. २०१३ मध्ये राष्ट्रीय अंध महासंघाच्या प्रकरणात टक्केवारी कशी मोजायची तेही न्यायालयाने ठरवून दिले: फक्त निश्चित केलेल्या पदांवर न मोजता एकूण जागांवर मोजायची.

तरीही २०१६ मध्ये काय झाले पाहा. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी सहाव्या वर्षी गेली. शिक्षण दादरच्या त्याच, मिलार्डबाईंनी काढलेल्या शाळेत, मग सेंट झेवियर्स आणि जेएनयू. संगणकावर स्क्रीन रीडर लावून त्यांनी अभ्यास केला. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत ७७३ वा क्रमांक आला आणि भारतीय रेल्वे लेखा सेवा मिळाली. रेल्वेने पूर्ण अंधत्वाचे कारण देऊन नेमणूक नाकारली. लेखा सेवा! इंजिन चालवायचे नव्हते, हिशेब पाहायचे होते, आणि हिशेब तोवर संगणकावर आलेले होते. ही बातमी वाचली तेव्हा आमच्या गल्लीत, जिथे घरटी एक माणूस रेल्वेत आहे, कुणालाच त्यात फारसे वावगे वाटले नाही. ‘रेल्वेत डोळे लागतातच’ असे एक निवृत्त फोरमन मला म्हणाले. पुढच्याच वर्षी पाटील यांनी १२४ वा क्रमांक मिळवला, प्रशासकीय सेवेत गेल्या, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या.

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा एप्रिल २०१७ मध्ये लागू झाला. भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराचा तो परिणाम. आरक्षण ४ टक्के झाले, त्यात अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांचा १ टक्का. पण माझ्या मते त्यातली महत्त्वाची गोष्ट टक्केवारीत नाही, एका व्याख्येत आहे. तिला मराठीत ‘वाजवी सोय’ म्हणू. अपंग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क वापरता यावेत म्हणून करायचा आवश्यक आणि योग्य बदल, ज्याचा बोजा प्रमाणाबाहेर नसेल, ती वाजवी सोय. सरकारी कार्यालयाने ती द्यायची आहे. खासगी आस्थापनांनाही समान संधी धोरण जाहीर करावे लागते. २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही सोय त्या त्या व्यक्तीची गरज पाहून ठरवायची असते, प्रमाणपत्रावरची टक्केवारी पाहून नाही. इथे कायद्याने प्रश्न उलटा केला.

यादी मात्र संपलेली नाही. केंद्राने योग्य पदांची नवी यादी जाहीर केली ती ४ जानेवारी २०२१ ला. त्या दिवशी लुई ब्रेलचा जन्मदिवस असतो, हा योगायोगच असावा. ही यादी पूर्वीपेक्षा खूप मोठी आहे. आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने आमच्या शेजारच्या मध्य प्रदेशातला नियम रद्द केला. त्या नियमाने अंध आणि अल्पदृष्टी उमेदवारांना न्यायिक सेवेपासून दूर ठेवले होते. झाशीहून त्या राज्याची हद्द अर्ध्या तासावर आहे.

पडदा बोलू लागला

संगणक आला तेव्हा तो यादीतला पुढचा चोर वाटावा अशी सगळी लक्षणे होती. काळा पडदा, हिरवी अक्षरे, स्पर्शाला काहीच नाही. पण पडद्यावरचा मजकूर हा संगणकाच्या आत शेवटी अक्षरांचे संकेतांकच असतो, आणि संकेतांक आवाजात बदलता येतो. टेड हेन्टर हा मोटरसायकल शर्यतपटू अपघातात अंध झाला, मग प्रोग्रामर झाला, आणि १९८९ मध्ये त्याच्या कंपनीने ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर आणला. तो महाग होता. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने ‘एनव्हीडीए’ लिहायला घेतला, तो आजही फुकट आहे. तो मराठीही बोलतो. उच्चार थोडे यांत्रिक वाटतात, सवय होते. सराईत माणूस तो इतक्या वेगाने ऐकतो की आपल्याला शब्द सुटे ऐकू येत नाहीत.

याचा अर्थ आज बहुतेक कार्यालयीन काम आधीपासूनच अंध माणसाच्या आवाक्यात आहे, अट एकच: मजकूर खरा मजकूर असला पाहिजे. आणि तिथेच आपण घोटाळा करतो.

उदाहरण देते. उत्तर भारतातल्या कार्यालयांत आजही कृतिदेव फॉन्ट चालतो, महाराष्ट्रातही तशाच जातीचे जुने फॉन्ट वर्षानुवर्षे चालले. कृतिदेवमध्ये तुम्हाला पडद्यावर ‘भारत’ दिसते. फाइलच्या आत मात्र इंग्रजी अक्षरे असतात: एच, के, के, जे, आर. फॉन्ट फक्त त्यांवर देवनागरीचा मुखवटा चढवतो. स्क्रीन रीडर मुखवटा पाहत नाही, आतले वाचतो. त्यामुळे अंध लिपिकाला पानभर ‘एच के के जे आर’ ऐकू येते. युनिकोडमध्ये तोच शब्द टाइप केला असता तर यंत्र ‘भारत’ म्हणाले असते. खर्च शून्य. दुसरा घोटाळा त्याहून वाईट: परिपत्रक संगणकावर टाइप करायचे, छापायचे, त्यावर सही-शिक्का मारायचा आणि मग स्कॅन करून पाठवायचे. मजकुराचे चित्र झाले. झडपेच्या जागी दिवा बसवला तेव्हा जे झाले, तेच हे.

एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओळख-पडताळणीच्या एका प्रकरणात डिजिटल सोय ही जगण्याच्या हक्काचा भाग मानली. पडताळणीसाठी कॅमेऱ्यापुढे पापणी लवून दाखवायची, हे ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांना आणि अंधांना कसे जमणार? ती पद्धत कुणी दुष्टपणाने बनवली नव्हती. तुमच्यासारख्याच एखाद्या अभियंत्याने बनवली होती.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी मी शिकवत असलेल्या एका महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला एक मुलगा होता. त्याची नजर हळूहळू आक्रसत चालली होती, रेटिनाचा आजार. ऑसिलोस्कोपचा पडदा त्याला दिसेना. तो मला विचारायला आला, ‘मॅडम, काय करू?’ मी काळजीपोटीच म्हणाले, ‘बेटा, शाखा बदल. हे तुला जमणार नाही.’ अर्ध्या मिनिटात मी फोर्डची यादी वाचून दाखवली होती. मोजमापाचे यंत्र संगणकाला जोडता येते, तरंगाचे आकडे स्क्रीन रीडर वाचू शकतो, बोलणारे मल्टिमीटर बाजारात मिळतात, आणि थोडी नजर असलेल्या माणसाला मोठी अक्षरे, काळ्यावर पांढरे आणि डोळ्यावर न येणारा दिवा एवढ्यानेही बरेच काम होते. हे सगळे मला तेव्हाही माहीत होते, निदान एका तासात शोधता आले असते. त्याने शाखा बदलली नाही, महाविद्यालयच सोडले. पुढचे मला कळले नाही.

त्यानंतर मी दरवर्षी पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्यांकडून एक काम करून घेते. तुम्हीही करा. एनव्हीडीए उतरवून घ्या, मॉनिटर बंद करा, माउस बाजूला ठेवा. आपल्या महाविद्यालयाचे संकेतस्थळ उघडा आणि फक्त टॅब आणि बाणांच्या कळांनी तीन गोष्टी शोधा: आजचे वेळापत्रक, परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख, आणि तक्रार कुणाकडे करायची त्या अधिकाऱ्याचे नाव. कुठे अडलात ते लिहून काढा: कोणते बटण ‘बटण’ एवढेच म्हणाले, कुठे आकड्यांचे कोडे सोडवायला सांगितले, कोणती फाइल काहीच बोलली नाही. प्रत्येक अडथळ्यापुढे तो दूर करायला किती मिनिटे लागतील याचा अंदाज लिहा.

पहिल्या वर्षी हे काम मी मुलांबरोबर स्वतः केले. आमच्या विभागाचे वेळापत्रक उघडले. ते मीच टाइप केले होते, मीच छापून, सही करून, स्कॅन करून चढवले होते. हेडफोनमध्ये आवाज आला: ‘ग्राफिक’. बस, एवढेच. मूळ फाइल माझ्याच संगणकात होती. ती बदलून चढवायला चार मिनिटे लागली.